बोटांचें शुद्धलेखन



मी एक निवृत्त शाळामास्तर आहें. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि पुढें ३० हून अधिक वर्षें मुंबईच्या उपनगरांत लहान मुलांना मराठी व गणित शिकविलें. माझी सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतींत गेली. संगणकाशीं माझा परिचय झाला तो बराच उशिरां, आणि तो वाढला नातीच्या कृपेनें. असें असतां आज मी ज्या विषयावर आपणांशीं बोलणार आहें तो संगणकाचाच आहे. डोळ्यांनीं वाचावयाचा मराठी मजकूर बोटांनीं वाचावयाच्या ब्रेल लिपींत उतरवून देणारें एक साधन आज उपलब्ध आहे. त्याला सगळे सॉफ्टवेअर म्हणतात. मीहि तेंच म्हणेन. वयाच्या ६६ व्या वर्षीं त्याचीं मुळाक्षरें मीं कां गिरविलीं, कशीं गिरविलीं आणि तीं गिरवितांना माझ्या ध्यानांत काय आलें, एवढेंच सांगण्याचा आजचा हेतु आहे.

आधीं कारण सांगतों. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं मी घाटकोपरला शिकवीत असतांना माझ्या वर्गांत एक दृष्टिहीन मुलगा होता. त्याची आई रोज त्याला हाताला धरून वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडी. मुलगा मोठा एकपाठी. कविता एकदां ऐकली कीं त्याला ती मुखोद्गत होई. पाढे तर तो अशा ठसक्यांत म्हणे कीं डोळस मुलांनीं खालीं माना घालाव्या. मीं त्याला पहिल्या बाकावर बसविलें, परीक्षेला लेखनिक दिला, आणि बक्षीससमारंभांत त्याच्याकडून कविता म्हणवून घेऊन पाहुण्यांची वाहवाहि मिळविली. त्याच्यासाठीं करावयाचें तें सर्व आपण केलें, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

कांहीं वर्षांपूर्वीं घाटकोपर स्थानकावर, मेट्रोच्या जिन्यापाशीं, मी कोणाला तरी वाट विचारीत असतां पाठीमागून हांक आली, "गुरुजी!" नुसत्या आवाजावरून त्यानें मला ओळखलें होतें. हातांत पांढरी काठी, खांद्याला पिशवी, एका कचेरींत टेलिफोनवर काम करणारा तो आतां चांगला पोक्त गृहस्थ झाला होता. आम्ही बाकावर बसलों. जुन्या आठवणी निघाल्या. बोलतां बोलतां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या साऱ्या कविता मला अजून पाठ आहेत. पण 'शिक्षक' हा शब्द लिहितात कसा, तें मला तिसाव्या वर्षीं ब्रेल शिकलों तेव्हां कळलें."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. परंतु तें वाक्य कांहीं केल्या माझ्या मनांतून जाईना. मीं त्याला ऐकावयास शिकविलें, बोलावयास शिकविलें. वाचावयास आणि लिहावयास शिकविलें नाहीं. मुलांना साक्षर करण्यासाठीं पगार घेणाऱ्या मास्तरानें आपल्या वर्गांतील एक हुशार मूल निरक्षर ठेवलें होतें, आणि तें निरक्षर आहे हें त्याच्या ध्यानींहि आलें नव्हतें.

पुढें थोड्याच दिवसांनीं मुलुंडला आमच्या इमारतींत एक कुटुंब राहावयास आलें. त्यांची सातवींतली मुलगी दृष्टिहीन आहे, परंतु ब्रेल उत्तम वाचते. पाठ्यपुस्तकें तिला ब्रेलमध्यें मिळालीं होतीं. मिळत नव्हतें तें बाकीचें: शाळेंतून आयत्या वेळीं येणारे प्रश्नसंच, निबंधाचे नमुने, वाचनालयांतलें गोष्टींचें पुस्तक. तिची आई रात्रीं स्वयंपाकपाणी आटोपून तें सर्व तिला मोठ्यानें वाचून दाखवी. मी त्या माउलीला म्हणालों, "हें काम आजपासून माझ्याकडे द्या." काम घेतलें खरें, पण तें करतात कसें, याची मला त्या वेळीं कांहींच कल्पना नव्हती.

पहिला धडा मला असा मिळाला कीं, सॉफ्टवेअर शिकण्यापूर्वीं लिपि शिकली पाहिजे. लुई ब्रेल हा १८०९ सालीं पॅरिसजवळच्या कुव्रे गांवीं एका खोगीर करणाऱ्याच्या घरीं जन्मला. तिसऱ्या वर्षीं बापाच्या कारखान्यांतील आरीनें त्याचा डोळा दुखावला आणि पुढें दोन्हीहि डोळे गेले. शार्ल बार्बिए नांवाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें बारा बिंदूंची एक उठावाची लिपि काढली होती. ती बोटाखालीं एका वेळीं मावत नसे. लुईनें बिंदु निम्मे केले आणि १८२९ सालीं आपली पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. फांशावरचा सहाचा आंकडा डोळ्यांसमोर आणा: डावीकडे वरून खालीं एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पांच, सहा. या सहा ठिकाणांपैकीं कोठें बिंदु उठवावयाचा व कोठें नाहीं, एवढ्यावर ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. एक खूण बोटाच्या टोकाखालीं नेमकी बसते. सारी मौज या मापांत आहे.

आपल्या मुंबईंत अंध मुलांच्या शिक्षणाचा पाया १९०० सालीं घातला गेला. त्या वर्षीं मिस ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनीं जी शाळा काढली, तीच दादरची अंधशाळा. १९०२ सालीं व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. परंतु त्या काळीं आपल्या देशांत ब्रेल एक नव्हती. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या खुणा चालत. १९५१ सालीं 'भारती ब्रेल' ठरली, आणि मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या सर्वांना एका उच्चाराला एकच खूण मिळाली. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९५२ सालीं, मुंबईंत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. २००८ सालीं श्री. स्वागत थोरात यांनीं 'स्पर्शज्ञान' हें मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलें. हें सर्व माझ्या डोळ्यांदेखत किंवा माझ्या गांवांत घडलें, आणि मी मात्र त्याविषयीं कोरा होतों.

आतां लिपींतील खुबी पाहा. आपल्या शहराचेंच नांव घ्या. 'मुंबई' हा शब्द छापतांना तीन अक्षरांचा. ब्रेलमध्यें उकार, अनुस्वार, वेलांटी यांना अक्षराच्या वर, खालीं किंवा मागें लोंबकळण्याची सोय नाहीं. प्रत्येकाला स्वतंत्र घर, आणि तेंहि उच्चाराच्या क्रमानें. म, मग उ, मग अनुस्वार, मग ब. आतां लगेच ई लिहिली तर वाचणारें बोट तिला ब ची दुसरी वेलांटी समजेल, कारण ई हा स्वर आणि दुसरी वेलांटी यांची खूण एकच आहे. म्हणजे मुंबईची 'मुंबी' होईल! म्हणून ब आणि ई यांच्यामध्यें एक अ घालावा लागतो. एकूण घरें सहा.

आतां तो 'शिक्षक' शब्द घेऊं. कागदावर पहिली वेलांटी श च्या आधीं उभी असते. बोटाला ती श च्या नंतर भेटते. क्ष मात्र जोडाक्षर असूनहि एकाच घरांत बसतो. म्हणजे श, इ, क्ष, क अशीं चार घरें झालीं. 'भक्त' या शब्दांतील क अर्धा आहे. त्याचा पाय मोडल्याची खूण, म्हणजे एकटा चौथा बिंदु, ब्रेलमध्यें क च्या आधीं येतो. संगणकाच्या पोटांत मात्र तीच खूण क च्या नंतर सांठविलेली असते. अंकांची गंमत तर विचारूं नका. ३, ४, ५ आणि ६ या चार बिंदूंची खूण म्हणजे ण. आणि तीच खूण 'पुढें अंक येत आहे' असें सांगणारीहि आहे. मराठी शब्दाच्या आरंभीं ण येत नाहीं, त्यामुळें बोटाचा घोटाळा होत नाहीं. अंक आला कीं मग अ ची खूण एक होते, ब ची दोन, आणि ए ची पांच.

हें सर्व मीं वहींत सहा सहा टिंबें काढून पाठ केलें. रोज पांच अक्षरें, याप्रमाणें दहा-बारा दिवसांत बाराखडी झाली. मग नातीनें संगणकावर सॉफ्टवेअर घालून दिलें.

सॉफ्टवेअर काय करतें? त्याच्याजवळ एक तक्ता असतो. अमुक अक्षरासाठीं अमुक बिंदु; अमुक अक्षरापुढें अमुक आलें तर क्रम बदला, मध्यें अ घाला. आपण मजकूर दिला कीं तें तक्त्याबरहुकूम एकेक खूण मांडीत जातें. डक्सबरी नांवाच्या अमेरिकन कंपनीचें असें सॉफ्टवेअर गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून चालत आलेलें आहे. दुसरें लिबलुई नांवाचें विनामूल्य आहे. लुई ब्रेलच्याच नांवावरून तें नांव ठेविलें आहे. २००२ सालीं त्याचा आरंभ जॉन बॉयर या अमेरिकन गृहस्थांनीं केला. ते स्वतः दृष्टिहीन होते आणि त्यांना ऐकूंहि येत नसे. ज्या मनुष्याला बोटांवांचून वाचनाचा दुसरा मार्गच नव्हता, त्यानें हें साधन साऱ्या जगासाठीं खुलें केलें! लिबलुईचे तक्ते साध्या मजकुरासारखे उघडून कोणालाहि वाचतां येतात, आणि त्यांत मराठीचाहि तक्ता आहे. माझ्यासारख्या मास्तराला तो तक्ता वाचतांना आपण जुन्या व्याकरणाचें पुस्तकच चाळीत आहों असें वाटलें.

कृति सांगावयास सोपी आहे. मजकूर संगणकावर घ्यावा. मराठीचा तक्ता निवडावा. एका ओळींत किती घरें आणि एका पानावर किती ओळी तें सांगावें. मोठ्या पानावर सामान्यतः ४० घरें आणि २५ ओळी बसतात. मग कळ दाबावी. पडद्यावर क्षणांत बिंदूच बिंदु उमटतात. ती फाईल बिंदु उठविणाऱ्या छापयंत्राला दिली कीं जाड कागदावर पान तयार. असें यंत्र घरीं कोण ठेवणार? मीं शहरांतील एका संस्थेच्या यंत्रावर पानें छापून घेतलीं आणि विजयी मुद्रेनें मुलीच्या हातीं दिलीं.

तिनें पहिल्या ओळीवरून बोटें फिरविलीं, पुन्हां फिरविलीं, आणि विचारलें, "आजोबा, ही कोणती भाषा?"

चूक माझी होती. तो धडा मीं शाळेंत असतांना टंकलिखित केलेला, जुन्या पद्धतीच्या फाँटमधला होता. त्या फाँटांत पडद्यावर क दिसतो, पण संगणकाच्या लेखीं तें अक्षर क नसतेंच. रोमन अक्षरावर मराठीचा मुखवटा चढविलेला असतो. डोळा मुखवट्याला फसतो. सॉफ्टवेअर फसत नाहीं, तें मुखवट्याखालचें अक्षर वाचतें. आपल्याकडे कित्येक प्रश्नपत्रिका, स्मरणिका आणि जुन्या पुस्तकांच्या फाईली अशाच मुखवट्यांत आहेत. मजकूर युनिकोडमध्यें असला तरच क हा क असतो. पानाचें छायाचित्र तर याहूनहि निरुपयोगी. चित्रांतील अक्षर सॉफ्टवेअरच्या दृष्टीनें अक्षरच नव्हे. मीं तो सारा धडा पुन्हां नव्यानें टंकलिखित केला.

दुसरी फजिती 'जोड्या लावा' या प्रश्नानें केली. मीं 'अ' गट डावीकडे आणि 'ब' गट उजवीकडे मांडला होता, आणि मधली जागा मोकळीं घरें टाकून भरली होती. ब्रेलची ओळ आंखूड. दोन्ही गट एकमेकांत शिरले, आणि ज्वारीची जोडी सोलापूरऐवजीं मासेमारीशीं लागली. तेव्हां कळलें कीं पानाची मांडणी ही डोळ्याची सोय आहे; बोट एका वेळीं एकच अक्षर पाहतें. त्याच्यासाठीं आधीं 'अ' गट पुरा सांगावा, मग खालीं 'ब' गट सांगावा, चित्र असेल तर त्याचें शब्दांत वर्णन करावें, आणि गाळलेल्या जागेची खूण सर्वत्र एकच ठेवावी. हें ठरविणें सॉफ्टवेअरच्या तक्त्यांत नाहीं. तें माणसानेंच करावयाचें असतें.

तिसरी गोष्ट मात्र मला आपणांस मुद्दाम सांगावयाची आहे. ऑगस्ट महिना होता. निबंधाचा नमुना करून मीं तिला दिला. बिंदु मीं स्वतः पडद्यावर ताडून पाहिले होते. फाँट शुद्ध, मांडणी शुद्ध. ती वाचूं लागली आणि शीर्षकापाशींच खुदकन हंसली. "आजोबा, आपलें स्वातंत्र्य दीन कशानें झालें?" मीं पाहिलें, तर 'स्वातंत्र्यदिन' लिहितांना माझ्या हातून दि ला दुसरी वेलांटी पडली होती. सॉफ्टवेअरनें ती इमानेंइतबारें उतरविली. दुसऱ्या आणि चौथ्या बिंदूच्या जागीं तिसरा आणि पांचवा आला, आणि दिवस होता तो गरीब बिचारा झाला. ३० वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें वेलांट्या सुधारणाऱ्या मास्तराची वेलांटी एका बारा वर्षांच्या मुलीनें बोटानें धरली!

मला लाज वाटली नाहीं. उलट फार आनंद झाला. कारण त्याच क्षणीं मला घाटकोपरचा माझा विद्यार्थी आठवला. तोच निबंध त्याला मोठ्यानें वाचून दाखविला असता तर ही चूक त्याला कधींच कळली नसती. दिन आणि दीन यांतला भेद आपल्या नित्याच्या बोलण्यांत कानाला फारसा लागत नाहीं. कानाला निबंधाचा आशय मिळतो, भाषेची गोडी मिळते. पण शब्दाची घडण मिळत नाहीं. ती मिळते डोळ्याला, नाहीं तर बोटाला. ज्याला डोळा नाहीं त्याचें बोटहि आपण रिकामें ठेविलें, तर तो कितीहि बहुश्रुत झाला तरी त्याला स्वतःच्या हातानें चार ओळी शुद्ध लिहितां येणार नाहींत.

हें मी अशासाठीं बोलतों कीं, हल्लीं पुष्कळ सुशिक्षित मंडळी मला म्हणतात, "आतां फोन वाचून दाखवितो, संगणक बोलतो, ब्रेलचें काय काम?" बोलणाऱ्या यंत्रांचे उपकार मोठे आहेत. माझा विद्यार्थीहि दिवसभर त्यांचाच उपयोग करतो, आणि उतारवयांत दृष्टि गेलेल्या मनुष्याला तर तोच मोठा आधार होय. परंतु आपल्या डोळस मुलाला कोणी म्हणालें कीं, याला आतां वाचावयास शिकवूं नका, सर्व कांहीं ऐकवीत जा, तर आपण तें मानूं काय? आपल्या मुलाला जें चालणार नाहीं, तें शेजाऱ्याच्या दृष्टिहीन मुलाला कां चालावें?

तेव्हां घरबसल्या आपण काय करूं शकाल, तें सांगून मी आपली रजा घेतों. पहिलें, जें मराठी संगणकावर लिहाल तें युनिकोडमध्यें लिहा, आणि शुद्ध लिहा. शिक्षक असाल तर प्रश्नपत्रिकेची फाईल जपून ठेवा. छायाचित्र पाठवूं नका. दुसरें, पुस्तक ब्रेलमध्यें उतरविणें म्हणजे लेखकाची चोरी, या भीतीनें मागें राहूं नका. आपल्या लेखाधिकाराच्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली असून, दृष्टिहीनांच्या उपयोगासाठीं नफ्याचा हेतु न ठेवतां असें रूपांतर करण्यास मुभा आहे. याच विषयावरील माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ सालीं सर्वांत आधीं मान्यता देणारा देश आपलाच. तिसरें, सहा बिंदु शिका. त्याला पंधरवडा पुरतो. चौथें, आणि हें विसरूं नका: छापलेलें पान वाटण्यापूर्वीं तें ब्रेल वाचणाऱ्या मनुष्याच्या हातीं द्या, आणि तो काढील ती चूक मुकाट्यानें मान्य करा.

माझा तो विद्यार्थी हल्लीं कधीं कधीं रविवारीं मुलुंडला येतो. मी उतरविलेलीं पानें मुलीच्या हातीं जाण्यापूर्वीं तो तपासून देतो. मीं त्याच्या वहीवर कधीं तांबडी शाई वापरली नाहीं, कारण त्याला वहीच नव्हती. आतां तो माझ्या पानांवर बोट ठेवून म्हणतो, "गुरुजी, येथें काना राहिला आहे." मी म्हणतों, "सांग बाबा, घालतों."